सभा कशी भरते? महाडच्या पायवाटेपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत



स्मरणिका समितीने "विहाराच्या कार्यक्रमांविषयी काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे गिरणीतले साचा खाते आणि विहाराच्या कपाटातले ग्रंथ. लेखणीपेक्षा हातात धोटा जास्त वर्षे होता. पण वर्धापनदिनाच्या तयारीच्या बैठकीत एक प्रसंग घडला आणि लिहिणे भाग पडले.

बैठकीत विषय निघाला तो पांगलेल्या माणसांचा. एके काळी आपल्या विहाराची घंटा वाजली की चार चाळींत ऐकू जायची. आज त्यातली निम्मी माणसे विरार, नालासोपारा, बदलापूर, पनवेलला गेली. गिरण्या बंद पडल्या, चाळी पुनर्विकासाला गेल्या, मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला आणि काही आखातात गेली. तर वर्धापनदिनाला ही माणसे यायची कशी? तरुण मंडळी म्हणाली, कार्यक्रम विहारात करू आणि त्याच वेळी मोबाईलवरही दाखवू. त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ उसळून म्हणाले, "विहार म्हंजे काय शिणेमा हाय व्हय? ज्याला धम्म पायजे तो चालत येईल!" खरे सांगतो, आम्हीही मान डोलावली. तेव्हा एक मुलगी, नर्सिंगचे शिक्षण घेणारी, शांतपणे म्हणाली, "काका, ज्याला येता येतं तो येईलच. ज्याला येता येत नाही त्याचं काय करायचं, तेवढं सांगा."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी आलो, चष्मा लावला आणि चळवळीचा इतिहास पुन्हा काढून बसलो. या वेळी भाषणे वाचली नाहीत. सभा भरवल्या कशा, निरोप पोचवला कसा, पाणी कुठून आणले, जेवण कोणी केले, न आलेल्यांना कसे कळवले, एवढेच शोधत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

दोन महिने पायपीट

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्राशन केले तो दिवस २० मार्च. हे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ही परिषद काही आकाशातून पडली नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जायची कोणाची छाती झाली नाही. म्हणजे हक्क मिळाला होता, पण तो वापरायला माणसे एकत्र यायला हवी होती. सभा भरवणे म्हणजे काय, ते इथे समजते.

ही माणसे एकत्र आणण्याचे काम रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशा मंडळींनी केले. त्यांत टिपणीस आणि चित्रे हे कायस्थ समाजातले, हेही विसरू नये. परिषदेच्या आधी दोन महिने कार्यकर्ते डोंगरदऱ्यांतून वाड्यावाड्यांवर फिरले. तेव्हा ना फोन, ना आजच्यासारखी एस.टी. बहुतेक लोक निरक्षर, त्यामुळे नुसते पत्रक वाटून भागणार नव्हते. माणसाने माणसाला जाऊन सांगायचे, त्याच्या ओसरीवर बसायचे, त्याची भीती ऐकायची, मग बोलायचे. चरित्रकार धनंजय कीर परिषदेला आलेल्यांचा आकडा दहा हजार देतात, इतर अभ्यासक त्याहून कमी देतात. आकड्याचा वाद बाजूला ठेवू. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसे खांद्यावर भाकरीची गाठोडी घेऊन, काही तर शंभर मैलांवरून आली, हे महत्त्वाचे. स्वतःची भाकरी स्वतः आणली याचा अर्थ संयोजकांनी आधीच तसे सांगून ठेवले होते.

आणि पाणी? पाण्यासाठीच परिषद, आणि तिथे पाणीच नाही! परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले, असे कीर यांनी नोंदवले आहे. आमचे म्हणणे असे की आज मंडपाचे बजेट करताना आपण पाण्याच्या बाटल्यांचा खर्च लिहितो, तेव्हा हे चाळीस रुपये एकदा आठवावेत.

बातमीच्या आधी अफवा धावते

तळ्यावरून लोक परतले, मंडपात काहीजण भाकरी खायला बसले, काही गावी निघाले. तेवढ्यात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. अफवेने डोकी फिरली आणि मंडपावर हल्ला झाला. बायका, पोरे, म्हातारे, कोणी सुटले नाही. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आवरून धरले, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

यातून आम्ही काय घ्यावे? सभा कितीही शिस्तीत झाली तरी तिच्याविषयी काय बोलले जाते हे जर आपल्या हातात नसेल, तर दुसरे कोणीतरी ते बोलते. म्हणूनच बरोबर चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. महाडला खरोखर काय घडले ते आपल्या शब्दांत सांगायला आपले पत्र मिळाले. त्याच्याही आधी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला होता, पण तो बंद पडला होता. सभा आणि वृत्तपत्र ही बैलजोडी आहे. एका बैलाने गाडी चालत नाही.

डिसेंबरची परिषद, दुसरी वाट तयार ठेवावी

त्याच वर्षी २५ ते २७ डिसेंबरला महाडला सत्याग्रह परिषद झाली. या खेपेला गावातल्यांनी पुरती नाकेबंदी केली होती. मंडपाला जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी देणे-घेणे बंद केले, तेव्हा धान्य, सामान बाहेरून आणावे लागले. बाबासाहेब मुंबईहून २४ तारखेला 'पद्मावती' बोटीने दोनशेच्या आसपास लोकांसह निघाले, २५ ला दुपारी दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला गेले.

त्याआधीच, १४ डिसेंबरला, विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. म्हणजे ज्या कामासाठी माणसे जमली तेच काम करायला कायद्याची आडकाठी. हजारो माणसे पेटून आलेली, 'तळ्यावर जाऊच' म्हणणारी. अशा वेळी संयोजक गांगरला तर सभा हातातून जाते. पण तिथे तसे झाले नाही. २५ तारखेला रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या प्रश्नावर मोकळी चर्चा झाली, कलेक्टरने येऊन लोकांसमोर आपले म्हणणे मांडले, आणि शेवटी पाण्याला हात न लावता तळ्याभोवतीच्या रस्त्याने मिरवणूक काढून लोक परतले. बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी वेगळे भाषणही केले. कोर्टातला लढा पुढे चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपला विजय झाला. दहा वर्षे लागली, पण कोणी म्हणू शकले नाही की ती परिषद वाया गेली. मुख्य कार्यक्रम अडला तर लोकांना रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, हा धडा आम्ही तिथून घेतला.

जे आले नाहीत त्यांची सभा

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. न आलेल्यांचे काय?

आमचे वडील सांगत, त्यांच्या वडिलांच्या काळी चाळीत आठवड्याला 'जनता'चा अंक यायचा. हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० ला सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. चाळीत वाचता येणारे दोन-तीनच. पहिली पाळी साडेतीनला सुटली की त्यातला एक जण हातपाय धुऊन गॅलरीत बसायचा, मध्ये कंदील किंवा दिवा, आणि भोवती वीस-पंचवीस माणसे. तो बाबासाहेबांचे नाशिकचे, येवल्याचे भाषण मोठ्याने वाचायचा. ऐकणारे मध्येच थांबवायचे, "ते परत वाच." बायका चुलीपासून कान देऊन असत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली. तिथे आमच्या आजोबांपैकी कोणी नव्हते. पण आजोबा मरेपर्यंत येवल्याची सभा आपण पाहिल्यासारखी सांगत. ते खोटे बोलत होते का? आम्हाला तसे वाटत नाही. त्यांनी ती सभा गॅलरीत ऐकली होती.

जिथे वृत्तपत्रही पोचत नव्हते तिथे जलसा पोचायचा. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे जलसाकार गावोगाव फिरले. तमाशाचाच बाज, ढोलकी-तुणतुणे तेच, पण त्यात देवादिकांच्या जागी महाडची गोष्ट, शाळेची गोष्ट, मेलेली ढोरे ओढू नका ही गोष्ट. लोक करमणुकीला म्हणून जमायचे आणि सभा ऐकून जायचे. पुढे वामनदादा कर्डकांनी हेच काम गाण्यातून केले.

म्हणजे आज ज्याला 'ऑनलाईन' म्हणून नाक मुरडतो, त्याची आजी आपल्या गॅलरीतच बसलेली होती! सभा एका जागी भरते, पण ऐकली जाते शंभर ठिकाणी. फरक एवढाच की त्या वेळी ती ऐकायलाही चार माणसे एकत्र बसत. हा फरक लहान नाही. त्याविषयी पुढे बोलतो.

एकवीस दिवसांत नागपूर

२३ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पत्रक काढून जाहीर केले की १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपूरला धम्मदीक्षा घेणार. मोजून पाहा, मध्ये एकवीस दिवस. संयोजनाची जबाबदारी भारतीय बौद्ध जन समितीच्या नागपूर शाखेवर, आणि तिचे चिटणीस वामनराव गोडबोले. श्रद्धानंद पेठेजवळची सुमारे १४ एकर मोकळी जागा ठरली. तीच आजची दीक्षाभूमी. आज आम्हाला विहाराच्या हॉलची रंगरंगोटी करायला एकवीस दिवस पुरत नाहीत!

मंच सांची स्तूपाच्या आकाराचा उभारला होता. लोकांना पांढरी वस्त्रे घालून येण्याचे आवाहन होते. ही गोष्ट साधी वाटते, पण तिचा विचार करा. ज्याच्या अंगावर वर्षानुवर्षे दुसऱ्याची उतरलेली कापडे होती, त्याने धुतलेला पांढरा सदरा घातला, बाईने पांढरे लुगडे नेसले, आणि मैदानात गेल्यावर कोण कोणत्या पोटजातीचा, कोण गरीब, कोण बरा, ते ओळखू येईना. निमंत्रणातली एक ओळ माणसाला आधीच बदलून टाकते, ती अशी.

सकाळी पूज्य चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी दीक्षा घेतली, मग बाबासाहेबांनी स्वतः जनतेला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. जनसमुदायाचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत. आम्हाला मात्र सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. रेल्वेने, बैलगाडीने, पायी निघालेले कितीतरी लोक उशिरा पोचले. त्यांना "तुम्ही उशीर केला" असे कोणी म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबरला पुन्हा दीक्षा देण्यात आली, आणि १६ ला चंद्रपूरला. न पोचलेल्यांसाठी कार्यक्रम त्यांच्याकडे सरकला. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९५६ लाच देऊन ठेवले होते. आमचेच वाचायचे राहिले होते.

मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला ठरला होता. तो दिवस यायच्या आत ६ डिसेंबर आला. बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून विमानाने रात्री मुंबईत आणले, राजगृहावर ठेवले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर जी माणसे लोटली त्यांना कोणी निमंत्रण दिले नव्हते, पत्रक नव्हते, मंडप नव्हता. गिरण्यांतले कामगार साचे सोडून आले. आमचे आजोबा त्यात होते. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनतेला दीक्षा दिली. सोळा तारखेसाठी मनाने तयार झालेली माणसे सात तारखेलाच बौद्ध झाली. अशी सभा कोणी ठरवू नये आणि कोणावर तशी वेळही येऊ नये. पण त्या सभेमागे तीस वर्षांची पायपीट होती, हे मात्र ध्यानात घ्यावे.

आमच्या चुका

मोठ्यांचा इतिहास सांगितला, आता आमचाही सांगतो. नव्वदच्या दशकात, आम्ही गिरणीत बदली कामगार होतो तेव्हा, विहाराने बुद्धपौर्णिमेच्या प्रचाराचे काम आमच्याकडे दिले. पाचशे हँडबिले छापली. त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार मिळून अठरा नावे ठळक छापली. एकही नाव सुटले तर रुसवे होतील ही भीती! वेळ मात्र लिहिली 'सायंकाळी'. व्याख्याते मराठवाड्यातले प्राध्यापक, ते पाचला येऊन बसले. पहिल्या पाळीचे लोक घरी जाऊन, जरा पडून, साडेसातला आले. दुसऱ्या पाळीच्या लोकांचा तर आम्ही विचारच केला नव्हता. ते रात्री बाराला सुटणार. बायकांची पाणी भरायची वेळ तीच. प्राध्यापकांनी वीस माणसांसमोर भाषण केले आणि परतीची गाडी होती म्हणून निघून गेले. साडेसातला हॉल भरला तेव्हा माईकवर आम्ही एकटे. त्या दिवशी माफी मागताना जी मान खाली गेली, ती अजून आठवते.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी पाळल्या. वेळ घड्याळाची लिहायची. नावे कमी, विषय मोठा छापायचा. आणि तारीख ठरवण्याआधी दोन माणसांना विचारायचे, एक पाळीवर जाणारा आणि एक घरात स्वयंपाक करणारी.

टाळेबंदीतला वर्षावास

२५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी लागली. आमची गिरणी त्या वेळी बंद झाली ती पुन्हा सुरू झालीच नाही. १४ एप्रिलची जयंती घराघरांत साजरी झाली, खिडकीत दिवे लावून. दीक्षाभूमीवरचा त्या वर्षीचा सोहळा रद्द झाला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा असे शासनाने आवाहन केले आणि तिथले अभिवादन दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून व महापालिकेच्या समाजमाध्यमांवरून थेट दाखवले. एरवी लाखोंनी भरणारे शिवाजी पार्क रिकामे पाहून डोळ्यांत पाणी आले, पण आपली जनता घरी थांबली. शिस्त म्हणतात ती ही.

त्या आधी, ५ जुलै २०२० ला आषाढ पौर्णिमा आली. वर्षावासातले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन थांबवायचे का? तरुणांनी मोबाईलवर सुरू केले, रोज रात्री आठ वाजता. पहिल्या रात्रीचा गोंधळ विचारू नका. त्रिसरण सर्वांनी एकदम म्हटले, पण प्रत्येकाचा आवाज पुढे-मागे पोचायचा. चाळीस घरांतून चाळीस त्रिसरण! कुठे कुकरची शिट्टी, कुठे नातवाचे रडणे. दुसऱ्या दिवसापासून नियम केला की एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी आपापला माईक बंद ठेवून घरात म्हणायचे. मग बसले गाडे. त्या वर्षी अधिक मास आला, त्यामुळे वाचन जवळजवळ चार महिने चालले.

विहारातल्या एक वयस्कर उपासिका तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात गावी अडकल्या होत्या. घरात रेंज नाही, म्हणून नातू त्यांना रोज रात्री बांधावर नेऊन बसवायचा. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात मोबाईल. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं मी विहारात मागं दाराशी बसायची. कधी नीट ऐकायला नाय आलं. बांधावर बसून पयल्यांदा समदा गरंथ ऐकला."

हे ऐकून आम्हाला लाज वाटली. बाई डोळ्यांसमोर बसलेली, हजेरीत तिची मोजदाद झालेली, आणि तिच्यापर्यंत शब्दच पोचत नव्हता. मागे एक जादा स्पीकर लावायचे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर इतिहास एकतर्फी होईल. काही घरांत एकच मोबाईल, तो मुलगा कामावर घेऊन जायचा. ती घरे चार महिने गळाली. कोणाचा महिन्याचा रिचार्ज संपलेला. लोकांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायका रात्री आठपर्यंत पोचतच नव्हत्या. आम्ही यादी करून अशा घरांत ग्रंथाची प्रत पोचवायला हवी होती. ते आम्ही उशिरा केले. मोबाईल आला म्हणून पायपीट संपत नाही, हे आमच्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

दोन्हीकडची सभा

आता विहार पुन्हा भरतो. त्याबरोबर मोबाईलवरही दाखवतो. याला इंग्रजीत 'हायब्रीड' म्हणतात, आम्ही 'दोन्हीकडची सभा' म्हणतो. गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने पुढच्या कार्यकर्त्यांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

मोबाईल सांभाळायला एक माणूस वेगळा नेमावा. खुर्च्या लावणाऱ्यालाच मोबाईल दिला की दोन्ही कामे बिघडतात. त्या माणसाने घरून ऐकणाऱ्यांचे प्रश्न टिपून वक्त्यापर्यंत पोचवावेत, नाहीतर ती माणसे मंडपाबाहेर उभी ठेवल्यासारखी होतात. आवाज मोबाईलने हवेतून घेऊ नये, स्पीकरच्या मिक्सरमधूनच वायर जोडून घ्यावा. पंख्याचा आवाज आणि पोरांचा कालवा लांबच्याला ऐकवून काय उपयोग? आदल्या दिवशी एकदा चालवून बघावे. आणि सत्कार आटोपते ठेवावेत. मंडपातला माणूस संकोचाने बसून राहतो, घरचा माणूस बोटाने बंद करतो.

प्रचाराचेही तसेच. मोबाईलवरच्या पत्रकात तारीख, वार आणि साल तिन्ही लिहावेत. एकदा आमचेच जुने पत्रक कोणीतरी पुढे पाठवले, त्यावर साल नव्हते. बदलापूरहून दोन कुटुंबे लहान मुलांसह भलत्याच दिवशी विहारात येऊन कुलूप बघून गेली. महाडला अफवेने घात केला, इथे आमच्याच अर्धवट बातमीने. शिवाय शंभर जणांना एकदम पाठवलेला निरोप कोणालाच आपला वाटत नाही. म्हणून आजही वर्धापनदिनाच्या आठवडाभर आधी आम्ही फोन करतो आणि जवळच्यांच्या दारात जातो. "बाई, या वेळी खीर तुमच्या हातची पाहिजे," असे सांगितले की ती येते, आणि शेजारणीलाही आणते.

राहिला आमच्या ज्येष्ठांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. समोरच्या इमारतीतली चांगली धडधाकट माणसे आता घरी पंखा लावून वंदना बघतात, हे आम्हाला खुपते. चवदार तळ्याचे पाणी मोबाईलवर पिता आले नसते. त्यासाठी ओंजळ पाण्यापर्यंत न्यावीच लागली, आणि मारही अंगावर घ्यावा लागला. खीर वाटणे, कोणाच्या दुखण्याची चौकशी करणे, पोरीच्या लग्नाची बोलणी, शाळेच्या फीसाठी झोळी फिरवणे, ही कामे एकत्र बसल्याशिवाय होत नाहीत. गॅलरीत 'जनता' ऐकणारे आमचे आजोबा एकटे ऐकत नव्हते, हा तो फरक. म्हणून आम्ही बैठकीत सुचवले आणि ते मान्य झाले, की लांबच्या माणसांनीही एकट्याने मोबाईल बघू नये. विरारला आपली जी सात-आठ घरे आहेत त्यांनी एका घरी जमावे, बदलापूरच्यांनी एका घरी, आणि तिथे बसून मोठ्या पडद्यावर कार्यक्रम पाहावा, चहा घ्यावा, आणि शेवटी वंदना एकत्र म्हणावी. आणि जो चालू शकतो, त्याने चालत विहारात यावे.

आमचे ते ज्येष्ठ हे ऐकून काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझी बहीण नालासोपाऱ्याला अंथरुणाला खिळलीय. तिच्याकडं जमवा. ती पडून ऐकंल." मोबाईलला विरोध करणाऱ्यांनीच पहिले ठिकाण दिले.

तर वर्धापनदिनाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता, बरोबर नऊ वाजता, विहारात धम्मध्वज फडकेल. येऊ शकणाऱ्यांनी पांढरी वस्त्रे घालून यावे. येऊ न शकणाऱ्यांची नावे आमच्याकडे द्यावीत, त्यांच्यापर्यंत कार्यक्रम कसा पोचवायचा ते आम्ही पाहू. महाडला जे डोंगर चढून गेले, त्यांचे आपल्यावर ऋण आहे. आपण निदान शेजारचे दार वाजवावे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!